फलकाला भिंत पाहिजे

सकाळचे साडेसात, सेलूच्या एसटी स्टँडचं फाटक. त्या रंगनाथचा हातगाडा एक, त्यावर उभी बांधलेली, खडूनं बातम्या लिहिलेली काळी फळी एक, समोर माणसं सत्तावीस — मी मोजली, बन्सीधर, धंद्याची सवय आहे ती — अन त्यातले दोघं तर पाथरीच्या गाडीतून उतरलेले, डोक्यावरची गाठोडी खाली न ठेवता वाचत उभे! आणि तू विचारतोस, घाई काय आहे. घाई आहे बाबा. पण ब्रश बुडवू नको अजून. शिडीवर बसायचं तर बस, काळा रंग कालवून ठेव, पण ही भिंत घ्यायची की नाही हे माझं अजून ठरायचंय. भिंत म्हणशील तर झकास आहे — चाळीस फूट लांब, पक्की, चुना ताजा, स्टेशनला जाणारा एकूणएक माणूस हिच्यासमोरून जाणार — तरी थांब.

मला स्वतःचा बातमीफलक काढायचाय. रोज सकाळी खडूनं दहा-बारा ओळी, खाली सही — माणिकराव. बस्स. बावीस वर्षं मी औरंगाबादच्या पेपरला बातम्या पाठवतोय, बी.ए. आहे, गावात कलेक्टर येतो तेव्हा पहिल्या रांगेत खुर्ची असते माझी — आणि मी पाठवलेल्या दोन पानांचं ते काय करतात? आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात, चार ओळी. नाव नाही. ‘आमच्या वार्ताहराकडून.’ अरे, तुमच्या वार्ताहराला आईबापांनी नाव ठेवलंय की! म्हणून म्हटलं, आपला फलक, आपलं नाव, आपली ओळ कुणी कापायची नाही. पण फलकाला भिंत लागते, आणि भिंत म्हटली की मालक आला. एक माझ्या घराची आहे, कुणाला विचारायला नको — पण आमच्या गल्लीत रहदारी म्हणजे पोस्टमन आणि वाट चुकलेली म्हैस. तिथं मी खुनाची बातमी लिहिली तरी म्हैसच वाचणार. दुसरी मन्मथअप्पाच्या भुसार दुकानाची, ऐन मोंढ्यात. अप्पा हात जोडून म्हणाला, ‘माणिकरावसाहेब, भिंत तुमचीच समजा की. फक्त कुण्या अडत्याचं नाव नका लिहू, गिऱ्हाईक तुटतंय.’ आणि त्या भिंतीवर आधीच कोण कोण नांदतंय? तंबाखूवाला, टुरिंग टॉकीज, दाताचा डॉक्टर आणि मूळव्याधीचा वैद्य. त्यांच्या मधोमध दोन हात जागा माझी. माझी बातमी कुठं संपली आणि मूळव्याध कुठं सुरू झाली, वाचणाऱ्याला कळायचं नाही! वर टॉकीजला नवा खेळ लागला की तो माझ्यावरच कागद डकवून मोकळा. वाचनालयाची भिंत म्हणशील, तर तिथं अध्यक्षांना आदल्या दिवशी मजकूर दाखवायचा. दाखवायचाच असता तर पेपर काय वाईट होता?

राहिली ही — दत्तरावांच्या जिनिंगची. भाडं नाही. राखायला फाटकावर वॉचमन. आणि अट? मी मुद्दाम विचारलं, तर हसले. ‘तुमाला काय लिहायचं ते लिहा, माणिकराव.’ एका शब्दाची अट नाही. अप्पासारखा साधा माणूस अट घालतो, वाचनालयवाले घालतात, आणि गावातला सगळ्यात मोठा माणूस, ज्याच्या कापसावर निम्मं सेलू चालतं, तो म्हणतो काय वाटेल ते लिहा. चांगलं वाटायला पाहिजे ना? वाटलं. घरी जाईपर्यंत वाटलं.

आणि त्या रंगनाथला भिंतच लागत नाही! जळतो मी — हो, जळतो, लपवायचं काय तुझ्यापासून? हमाल माणूस, सातवी नापास, दिवसभर मोंढ्यातून पोती ओढतो, आणि त्याच गाड्याला फळी बांधून तीवर बातम्या लिहितो. सकाळी स्टँड, दुपारी मोंढा, संध्याकाळी स्टेशन. त्याची भिंत चाकावर! कुणी हटकलं की ढकलला पुढं. नगरपालिकेच्या माणसानं विचारलं, कुणाच्या परवानगीनं फलक लावलास, तर म्हणतो, ‘फलक कुठं लावलाय साहेब, मी तर गाडा घेऊन जायलोय.’ लोक हसले, तो माणूस पण हसला. बावीस वर्षांत माझ्या डोक्यात चाक आलं नाही. आणि लिहितो काय? ‘कालच्या गाडीत म्हातारीला मधेच उतरवले, का?’ ‘वेशीजवळचा हापसा सहा दिवसापासून बंद.’ ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकदा मीच खडू घेऊन दुरुस्त करायला लागलो, तर मागून एकजण म्हणाला, ‘ओ काका, बाजूला व्हा, दिसंना.’ काका! मला! आणि घरी काय, तर आमच्या सुमनबाई — लग्न झाल्यापासून माझ्या बातम्यांची कात्रणं वहीत चिकटवणारी बाई — भाजीला म्हणून जाते आणि गाडा वाचून येते. गेल्या संक्रांतीपासून वही उघडली नाही तिनं. मी पाहतो रोज. डिंकाची बाटली वाळून गेलीय.

खरं सांग, त्याची फळी तूच रंगवलीस ना? रागावत नाही मी, धंदा आहे तुझा. नाही? मग गावात दुसरा पेंटर कोण आहे? — बरं, नाही रंगवली. मला ठाऊक आहे नाही रंगवली, उगीच विचारलं. ती फळी नाही, दार आहे. जळकं दार. वरचा कोळसा खरवडून काढलाय, घासून सपाट केलंय, म्हणून खडू उठतो त्यावर. त्याच्या आईच्या घराचं आहे, मनकर्णाबाईच्या. मला कसं ठाऊक म्हणजे — मला — अरे, ते दार चौकटीत होतं तेव्हा पाहिलंय मी. कडी बाहेरून घातलेली होती.

अठ्ठ्याहत्तर सालचा ऑगस्ट. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात काय काय पेटलं ते तुला सांगायला नको, तीन वर्षं तर झालीत. मी त्या दुपारी सायकल मारत त्यांच्या गावाला गेलो. बौद्धवाड्यातली सतरा घरं जळताना मोजली. ट्रॅक्टर पाहिला, ट्रॉलीतले रॉकेलचे डबे पाहिले, ट्रॅक्टर कुणाच्या दारचा ते ओळखलं. घरी येऊन दोन बातम्या लिहिल्या. एकीत नाव होतं. दुसरीत ‘अज्ञात जमाव’ होता आणि ‘एक वृद्धा किरकोळ भाजली’ असं होतं. आमची बातमी जाते कशी, माहीत आहे ना — पाकिटात घालून औरंगाबादच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची, पुढं पेपरचा माणूस स्टँडवर येऊन घेतो. मी स्टँडवर गेलो तेव्हा दोन्ही पाकिटं खिशात होती. दिलं कुठलं? छापून आलेलं वाचलंस की तू. नाही नाही, धमकी कसली! धमकी आली असती तर आज सांगायला तोंड राहिलं असतं मला, हुतात्म्यासारखा मिरवलो असतो. काही झालं नाही. दत्तराव कुण्या पाहुण्याला सोडायला आले होते, बाकड्यावर बसले होते. मला बघून सरकले, जागा करून दिली. ‘बसा माणिकराव, लय दमल्यासारखे दिसायलात.’ चहा सांगितला. गाडी सुटेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत बसलो. त्यांनी बातमीबद्दल ब्र काढला नाही, मी पण काढला नाही. त्यांना माझ्यासाठी अट लागत नाही, बन्सीधर. त्यांनी मला एकदा पाहिलंय.

आणि मनकर्णाबाई तिसऱ्या दिवशी वारली. अशा वेळी दुरुस्ती पाठवायची असते, दोन ओळींची का होईना — नव्या पोरांना मीच शिकवतो हे. नाही पाठवली. पहिल्या दिवशी वाटलं उद्या पाठवू, आठवड्यानं वाटलं आता कोण वाचतंय. कोण वाचतंय! तो हमाल रोज बातम्या पुसतो, रोज नव्या लिहितो, आणि खालची एक ओळ तेवढी तीच ठेवतो — ‘माझी आई किरकोळ भाजली नव्हती.’ माझं नाव लिहीत नाही. एकदाही नाही. लोक त्या ओळीपाशी येऊन थबकतात. सुमनबाई पण तिथंच थांबते, मी लांबून पाहिलंय. मग घरी येऊन भाजी निवडत बसते, वर मान करत नाही. ती ओळ माझी होती की रे! तो तर त्या दिवशी गावात पण नव्हता, माल घेऊन परभणीला गेला होता. त्यानं काय पाहिलं? काही नाही! धूर सुद्धा नाही! मी होतो तिथं, मी पाहिलं, बातमी माझी — आणि वाचणारे त्याचे! मी तिला दारामागून ओरडताना ऐकलंय, आणि लोक मला म्हणतात, काका बाजूला व्हा!

पाणी आहे का तुझ्याकडं? — असू दे.

रंगाचा डबा का झाकतोस? अरे, ठरवतोय ना मी. वर डाव्या हाताला मोठ्या अक्षरात ‘माणिकरावांचा फलक’, खाली — कुणाचा ट्रॅक्टर म्हणजे? मी कुणाचं नाव घेतलं? एवढ्या सगळ्या बोलण्यात ट्रॅक्टरच्या मालकाचं नाव घेतलं का मी? नाही ना? मग तुझं तू कशाला जुळवायलास? हळू बोल, तो वॉचमन इकडंच बघायलाय. — बघ, तू आता जा. शिडी उचल, जा. आज काही रंगवायचं नाही. उद्याचं उद्या बघू. आणि पुन्हा असलं काही विचारायचं झालं तर मला नको विचारू, पोलिसांकडं कागद आहे, तो वाच, मी वाचलाय. पंचनाम्यात सतरा घरं आहेत, दोन शेरड्या आहेत, जळालेल्या ज्वारीची पोती सुद्धा आहेत. ट्रॅक्टर नाही.