पाठकोऱ्या वह्यांबाबत

जबाब देणार: गल्लीत ‘बाइंडर’ म्हणून सर्वांस ठाऊक, वय ५९ वर्षे, धंदा झेरॉक्स व पुस्तकबांधणी, राहणार शाळेच्या मागची गल्ली, दुकानाच्या माडीवर.

मी आज रोजी सकाळी साडेदहा वाजता कोणीही बोलावले नसताना पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. दुकानास एकतीस वर्षे झाली. जागा एवढीशी असल्याने एकाच टेबलावर डाव्या हाताला झेरॉक्स मशीन आणि उजव्या हाताला बांधणीचे सामान, म्हणजे दाभण, दोरा, कात्री व खळीचा डबा असे ठेवतो. खळ आणि काच शेजारी ठेवू नये हे शहाण्याला सांगावे लागत नाही, पण मला कोणी सांगितले नाही.

कागद वाया घालवणे मला जमत नाही. मशीनमधून खराब निघालेली प्रत एका बाजूने छापलेली असली तरी मागची बाजू कोरी असते. असे पाठकोरे कागद मी टेबलाखालच्या खोक्यात टाकतो. पुरेसे साठले की कापून, शिवून, पुठ्ठा लावून त्यांच्या कच्च्या वह्या करतो व मागेल त्याला फुकट देतो. गल्लीतल्या निम्म्या मुलांनी पाढे माझ्याच वह्यांत गिरवले आहेत. मला त्याचा अभिमान होता. छापलेल्या बाजूला कोणाचे काय आहे, हे मी कधी वाचले नाही. मी कागदाकडे कागद म्हणून बघतो.

दुकानात मी पाटी लावली आहे की, ‘आपली मूळ कागदपत्रे काचेवर विसरू नका’. बँकेची माणसे गल्लीत भाषण द्यायला आली होती, की ओटीपी सांगू नका, कार्डाचा फोटो पाठवू नका, ओळखपत्राची प्रत कोणाला देऊ नका. त्यांची पत्रके माझ्याकडेच छापली. उरलेल्या पत्रकांच्याही मी वह्या केल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझी पत्नी आता रोज ऐकवते.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात, वय ७१, दवाखान्यातून निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांचे थोरले भाऊसुद्धा. लग्न केले नाही. त्यांची भाची, वय ३२, रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीस. तिची आई वारली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून मावशीकडेच वाढली. माझी पत्नी आजारी असताना सिस्टर बारा दिवस सकाळ-संध्याकाळ माडी चढून इंजेक्शन द्यायला येत होत्या. आमच्याकडे पाणीसुद्धा घेतले नाही. हे तपासाशी संबंधित नाही असे मला सांगण्यात आले, परंतु लिहून घ्यावे अशी माझी विनंती आहे.

मागील नोव्हेंबर महिन्यात सिस्टर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा व पासबुकाचे पहिले पान यांच्या प्रती काढायला आल्या. त्या दिवशी काचेवर खळीचा ओघळ पडून वाळला होता. प्रतींवर उजव्या कोपऱ्यात वाकडा, शेपूट असलेला डाग उमटला. सिस्टरांनी घाईने त्यावर सह्या केल्या आणि मग डाग पाहिला. “अरे, पाल चिकटली की काय?” असे त्या म्हणाल्या. आम्ही दोघे हसलो. मी काच पुसून दुसऱ्या प्रती काढून दिल्या. सही केलेल्या पहिल्या तीन प्रती खोक्यात टाकल्या.

डिसेंबरात कोपऱ्यावर छत्री लावून सिमकार्ड विकणारा एक इसम, वय अंदाजे तीस, अंगाने सडपातळ, बोलायला गोड, हिशोब लिहायला म्हणून माझ्याकडून दहा वह्या घेऊन गेला. एवढ्या कशाला, असे मी विचारले असता, “काका, तुमच्या वहीचा कागद लकी आहे,” असे तो म्हणाला. मला बरे वाटले. जानेवारीनंतर तो तेथे दिसला नाही.

पुढील हकीकत पोलिसांस माहीत आहे. सिस्टरांच्या नावे दुसऱ्याच कोणी फोन नंबर घेतला, त्या नंबरावर क्रेडिट कार्ड घेतले व भरमसाट खरेदी केली. वसुलीची माणसे दारात आली तेव्हा सिस्टरांना कार्डाचे कळले. बँकेतील साहेब म्हणाले की, अर्जाला जोडलेल्या कागदांवरची सही खरी आहे आणि असे कागद घरच्याच माणसाच्या हाती लागतात. कपाटाच्या किल्ल्या भाचीकडे होत्या. मावशीचे सगळे कागद तीच सांभाळत होती. पोलिसांनी तिला दोन वेळा बोलावले. दुसऱ्या वेळी लॅबमधून बोलावले, सगळ्यांच्या देखत.

ती परत आली त्या संध्याकाळी सिस्टरांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. “हेच पांग फेडलेस का माझे?” एवढे मी स्पष्ट ऐकले. भाचीचा आवाज ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक बॅग घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली.

त्यानंतर तीन दिवसांनी, म्हणजे चालू महिन्याच्या नऊ तारखेस, दुपारी सुमारे तीन वाजता, हा जबाब लिहून घेणारे हवालदार याच गुन्ह्याचे कागद झेरॉक्ससाठी माझ्याकडे घेऊन आले. ठाण्यातले मशीन बंद होते. बँकेकडून आलेली सिस्टरांच्या ओळखपत्राची प्रत मी काचेवर ठेवली आणि मला उजव्या कोपऱ्यात तो डाग दिसला. शेपटीसकट. असा डाग जगात दुसऱ्या कोणत्याही मशीनचा असणार नाही. मी चार प्रती काढल्या, टाचण्या लावल्या आणि हवालदारांच्या हाती दिल्या. 

ते गेल्यावर मी शटर अर्धे ओढून शिल्लक वह्या चाळल्या. एका वहीत सिस्टरांच्या पासबुकाचे पान निघाले, सहीसह. मागच्या बाजूवर मी माझ्याच हाताने पुठ्ठ्याची मापे लिहिली होती. उरलेली दोन पाने कोणत्या वह्यांतून कोठे गेली हे कोणाला विचारावे लागले नाही.

पत्नीस सांगितले. ती रडली, मग म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकान गेलं तर या वयात कुठे जायचं?” मी तिला दोष देत नाही. मलाही तेच ऐकायचे होते. पोलीस छत्रीवाल्याला कधीतरी धरतीलच, मग आपोआप सगळे बाहेर येईल, आपले नाव न घेता, अशी मी स्वतःची समजूत घातली. असे अकरा दिवस गेले.

त्यातील सहाव्या दिवशी, सकाळी दुकान उघडताच, भाची आली. तिच्याजवळ नोकरीचा अर्ज व प्रमाणपत्रे होती. अर्ज दुसऱ्या शहरातील इस्पितळाचा होता. मी प्रती काढू लागलो. एक फिकी आली म्हणून सवयीने बाजूला टाकली. ती म्हणाली, “ती पण द्या काका. हल्ली मी कागद कुणाकडे राहू देत नाही.” मी दिली.  

मग तिने विचारले, “काका, तुम्हाला पण वाटतं का, मी केलं असेल?”

दुकानात त्या वेळी आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हते. पासबुकाचे ते पान माझ्या खणात होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. मी म्हणालो, “तुमच्या घरातली गोष्ट. मी बाहेरचा माणूस काय बोलणार?”

ती “बरं” म्हणाली, कागद पिशवीत घातले आणि गेली. तिला मी लहानपणापासून ओळखतो. तिच्या पहिलीच्या पुस्तकाला कव्हर मीच घातले होते. तिने मागे वळून पाहिले नाही आणि मी हाक मारली नाही. याची मला लाज वाटते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काल सिस्टर दुकानासमोरून जाताना पायरीवर बसल्या. मी पाणी दिले. त्या म्हणाल्या, “भाची गेली रे दुसऱ्या गावी. मैत्रिणीलाही पत्ता देऊन गेली नाही. नंबर बदललाय. पोरगी चोर निघाली तरी चाललं असतं, घरात तर असती.” तेव्हा माझ्याने राहवले नाही. मी खण उघडून पान त्यांच्यासमोर ठेवले व सर्व सांगितले. त्या मला रागावल्या नाहीत. पान उलटसुलट करून पाहिले. “कधी कळलं तुला?” असे विचारले. मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाल्या, “म्हणजे तेव्हा ती इथेच होती.”  आज त्याच मला येथे घेऊन आल्या असून बाहेरच्या बाकावर बसल्या आहेत.

पासबुकाचे पान व ते ज्या वहीतून निघाले ती वही मी हजर करीत आहे. घरोघर फिरून परत आणलेल्या एकोणीस वह्याही सोबत आहेत. छत्रीवाला इसम समोर आल्यास ओळखेन. भाचीचा सदर गुन्ह्याशी काहीएक संबंध नाही. तिचा शोध घ्यावा अशी विनंती केली असता, ती सज्ञान असून स्वखुशीने गेली आहे, असे सांगण्यात आले. स्वखुशीने हा शब्द माझा नाही.

अकरा दिवसांचा मजकूर गुन्ह्याच्या तपासास आवश्यक नाही व तो तुम्हालाच जड जाईल, गाळू या, असे हवालदारांनी मला चांगल्या मनाने सुचवले. मी नको म्हणालो.

हा जबाब मला सावकाश, शब्द न् शब्द वाचून दाखवला. दार उघडे होते, बाहेर ऐकू गेला असेल. मी सांगितले तसेच त्यात आहे, कमी नाही की जास्त नाही. भाचीने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जबाबात घेता येत नाही, ते तपासाचा भाग नाही, असे हवालदार म्हणाले. मी हात जोडले म्हणून सहीच्या वर एक ओळ लिहू दिली आहे. ती माझ्या हातची आहे.

नाही गं बाळा. तू केलेलं नाहीस, हे मला तेव्हाच माहीत होतं.

समक्ष, (सही)