मेलेल्याच्या जागी भावाचं नाव

माहं माहेर सावरगाव अन् सासर पांढुर्णा, मधात नुसती जाम नदी. आता ह्याले कोणी दूर म्हणन का? पुलावर उभी राहिली तं माहेरच्या छपरावरचे कवेलू दिसते. लग्नात माय म्हणे, पोरी तुले रडाचं काही कारणच नाई, तव्यावर भाकर टाकून आली तरी करपाच्या आत वापस जाशीन. अन् काय सांगू तुम्हाले ताई, तेच माहेर मले काशीवाणी दूर झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या इथं गोटमार असते, तुम्हाले माहीतच असन. नदीत पळसाचं झाड गाडते, झेंडा लावते, अन् इकडून पांढुर्ण्याचे, तिकडून सावरगावचे, दगडच दगड. पण त्याचा एक कायदा हाये, लिहिलेला नाई पण सारे पाळते. दगड कोणाचा होता ते विचाराचं नाई. डोकं फुटो का हात मोडो, देवीची भभूत लावाची अन् गुमान घरी याचं. सारे सोयरे तं एकमेकायचेच, राग धरून जाईन कुठं माणूस? माह्या सासऱ्यानं, आम्ही मामाजी म्हणतो त्यायले, त्यायनं नेमकं तेच विचारलं.

एक डोळा त्यायचा आधीच गेला होता मोतीबिंदूत, दगड बसला तो दुसऱ्यावर. नागपूरले नेलं, काही उपेग नाई झाला. खाटेवर पडल्या पडल्या एकच, कोणाचा होता, कोणाचा होता. आता इतक्या हातायतून कोण सांगन? पण कोणीतरी जिभेले हाड नसलेला बोलला का तिकडून सुधाकर पुढं होता म्हणे. सुधाकर मतलब माहा लहान भाऊ. झालं. पुढं तं शंभर होते व माय, पण मामाजीनं त्यालेच धरलं. तो पाया पडाले आला तं काठी घेऊन उठले. म्हणे हा पोरगा घरात आला अन् सून त्याच्या घरी गेली तं मी विहीर जवळ करीन. आमचे हे बापापुढं बोलत नाई, आजही बोलत नाई. भाऊबीजेले मी सुधाकरले पुलावर ओवाळलं. येणारे जाणारे पाहून राहिले, अन् हवेनं दिवा काही टिकेना.

मामाजीले वाचाचा मोठा नाद. संत्र्याच्या पेट्यायत टाकाले रद्दी येते ना, त्यातून निवडून आणलेले जुने मासिकं, सारे खुनाचे अन् सूडाचे, ट्रंकभर होते. आता डोळे नाई तं वाचन कोण? मी दहावी पास. दुपारी भांडे आवरले का बसाचं खाटेपाशी. काय एकेक गोष्टी त्या! एक माणूस शेजाऱ्याले मारते, काहून, तं तो फार हसते म्हणून. एक जण भावकीतल्याच्या गोठ्याले आग लावते, ढोरं बांधलेले असताना. मी म्हणो मामाजी, ह्याले काही कारण तं पाहिजे. ते म्हणत, कारण कायले लागते, तू वाच. अन् एक दिवस म्हणे, मेलेल्याच्या जागी सुधाकरचं नाव घाल. मले वाटलं मजाक करून राहिले. नव्हते करत.

वाचलं मी. आंधळं माणूस, त्यात सासरा, अन् घरात रोजची कलागत नको. रोज दुपारी मी माह्या भावाले मारलं ताई. कधी कुऱ्हाडीनं, कधी विहिरीत ढकलून, कधी दुधात काही कालवून. मामाजी ऐकत, अन् मग लहान पोरावाणी शांत झोपत. मी चुलीपाशी जाऊन रडो. सुधाकरले हे कधी सांगतलं नाई.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. सौंसरले टेम्पोत संत्रे भरता भरता छातीत दुखलं, खाली बसला, तो उठलाच नाई. डॉक्टर म्हणे हृदयाचं होतं. असन. पण माह्या मनाले कोण समजावन, इतक्या दुपारी मी त्याले मेलेला वाचला, वरच्यानं ऐकलं तं नसन? मी कोणाले न विचारता पूल पार केला. इतक्या वर्षानं माहेरच्या अंगणात पाय टाकला तं तो खाली निजवलेला. त्याची बायको गळ्यात पडली, म्हणे बाई, हे नेहमी म्हणत, असनही माहाच दगड, मले का माहीत, पण मी मामाजीले पाहून नव्हता फेकला.

वापस आली तं मामाजी खाटेवर बसून. त्यायले समजलं होतं. मले वाटलं आता खुश असतीन. तं म्हणे, सूनबाई, आता कोणाचं नाव घालशीन? अन् रडाले लागले. हमसून हमसून रडले म्हातारे. मले दया याले पाहिजे होती. नाई आली.

आता थकले ते. सारं मीच करते, अंघोळीचं पाणी, गोळ्या, मऊ भात. मासिकं रद्दीत देऊन टाकले, पण काय फायदा, त्यातलं सारं माह्यातच येऊन बसलं. ताट ठेवताना कधी कधी माहा हात थोडा दूरच थांबते. ते चाचपडते, अन् मी पाहत राहते. मग सरकवते ताट. शेजारच्या बाया म्हणते, किती सेवा करतं व, देव तुह्या सासऱ्याले उमर देवो. मीही म्हणते, देवो, शंभर वर्ष देवो. आता ते मी कोणत्या मनानं म्हणते, ते तेवढं विचारू नका ताई.