पाखरं राखणारे अण्णा

माझ्या गेमच्या वेडाला जबाबदार अण्णा, म्हणजे आमचे वडील. लहानपणी बिडकीनच्या घरी मामानं कॅसेटवाला व्हिडिओ गेम आणला होता. टीव्हीवरची बदकं बंदुकीनं पाडायची. अण्णा शेतातून आले ते तापलेलेच.

"अभ्यास सोडून हे काय? उद्याच परत कर."

"एकदा तुम्ही खेळून तर बघा," म्हणत मी बंदूक पुढं केली.

त्यांनी ती बाजूला ठेवली आणि ज्वारी राखताना देतात तशी टीव्हीसमोर हाळी दिली, "हाऽऽ हुर्र!"

गोळीच न झाडल्यानं सगळी बदकं पडद्याबाहेर उडून गेली.

"एक पाखरू बसू दिलं नाय. जिंकलो ना?"

"व्हय, अण्णा."

गेम घरातच राहिला.

परवा ते माझ्या शहरातल्या फ्लॅटवर आले. नव्या गेममधला धडाधड गोळीबार बराच वेळ बघून म्हणाले, "ते लई भारी हाय, पण यात पीक कोणतं राखतोस?"