एल्व्हिओच्या कादंबरीतलं छप्पर

—नाही गं, साखर मला नको, तू घे. संत रीताला नवस बोललेय, एल्व्हिओ या टेबलाशी बसून जेवेपर्यंत माझी कॉफी बिनसाखरेची. ती अशक्य गोष्टींची संत, तिला वेळ लागतोच. तर तुझा प्रश्न — माझ्या मुलानं कादंबरीतलं ते राज्य जुन्या रोमवरून किती उचललं? आता बोलोन्याहून एवढ्यासाठी आलीस, तर सांगते. पुष्कळ उचललंय. त्याचे सेनापती लढाईआधी कोंबड्यांपुढे दाणे टाकतात, कोंबड्यांनी खाल्ले तरच लढतात — ते रोमचंच, शाळेतल्या लॅटिनच्या पाद्रीबाबांनी शिकवलेलं. घरातला कर्ता पुरुष मागे न बघता बाकल्याच्या शेंगांचे काळे दाणे फेकून भुतं घालवतो — तेही रोमचं. आमच्या घरी बाकला चीजबरोबर खातात, भुतांसाठी वेगळं काही करत नाही. पण त्याची नायिका जमिनीवर पडलेला पाव उचलून त्याचा मुका घेते ना, ते तेवढं तुझ्या प्रबंधातून काढ. ते रोमचं नाही. ते माझं आहे.

कप जरा अलीकडे घे. आणि टेबलावरच्या त्या दगडाखाली हात नको घालूस — लागली ना बोटांना अक्षरं? लागणारच. असू दे, एल्व्हिओचंच नाव आहे. आमचे हे, ओत्तोरिनो, थडग्यांचे दगड कोरतात, त्यांचे वडीलही कोरायचे. एल्व्हिओनं कारखान्यात यायचं सोडलं, म्हणाला, मी खोट्या गावांच्या गोष्टी लिहिणार. त्यावर हे जेवता जेवता म्हणाले, माझ्यापुरता तू मेलास. आता असं कोण म्हणत नाही? आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी कुणापुरतं मेलेलं आहे. पण बाकीचे दगड कोरत नाहीत. ह्यांनी दुसऱ्या दिवशी नाव कोरलं, तारीख घातली आणि दगड घरी आणून ठेवला. एल्व्हिओनं तो वाचला, पिशवी भरली आणि गेला. संगमरवर चांगला होता, टाकायचा कसा? मी उलटा करून घेतला. बटाट्याचे गोळे वळायला थंडगार बरा पडतो.

तुझी तिसऱ्या भागाची शंका? हो, तीही रोमची खरी रीत आहे. परगावी मेला म्हणून ज्याचे विधी उरकले, तो जिवंत परत आला तर त्याला दारातून घ्यायचं नाही. दार जिवंतांचं. त्यानं छपरावर चढायचं आणि वरून घरात उतरायचं. शाळेत असताना एल्व्हिओनं हे जेवताना सांगितलं होतं, तेव्हा हे हसून म्हणाले होते, कौलं फुटली तर भरपाई कोण देणार, मेलेला? आणि बघ, तिसरा भाग संपतो तिथंच — आई चुलीशी बसलीय, आणि छतातून पोराचे पाय खाली लोंबताहेत. पुढचं छापलेलं नाही. तुम्ही लोक म्हणता, रोमचा प्रभाव. मी ते पान वाचलं आणि मेणबत्ती लावायला गेले.

काय म्हणालीस? काल भेटला? इथं, रोममध्ये? आणि काय विचारलं त्यानं तुला — आईबाबा अजून सगळ्यात वरच्याच मजल्यावर राहतात का, एवढंच? बरं. बरं. नाही, रडत नाहीये, कॉफी कडू आहे.

हा आवाज? मघापासून चाललाय खरा. मला वाटलं, कबुतरं हाकलताहेत. पण ह्यांचा गुडघा असा, की गच्चीवर जाणं कधीच सोडलंय — आणि हा कानशीचा आवाज आहे गं. तिथं एकच गंजलेली वस्तू आहे. या स्वयंपाकघराच्या छताला झडप आहे, ती तिची कडी. शेजारच्या जिन्यानं गच्चीवर येता येतं. थांब. तिसऱ्या भागाच्या शेवटच्या पानांत मला पांढरी भुकटी सापडली होती, मी म्हटलं, पीठ असेल माझंच. पण पीठ एवढं खरखरीत कुठं असतं? आणि ह्यांनी तर शपथ घेतलीय, त्या पोराचं अक्षरही वाचणार नाही म्हणून. सकाळी मला फक्त म्हणाले, शिडी कुठं ठेवलीस? मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, "मी शब्द मागे घेतलेला नाही. शिडी कुठंय तेवढं सांग."

ऊठ बाई तू आता. वही राहू दे, उरलेलं पत्रानं विचार. मला बटाटे उकडायचेत, तीन जणांचे — नाही, तुझे नाही धरले, तू नीघ. वर बघत नको उभी राहूस. तू आपली दारानंच जा, तुला कुणी मेली म्हटलेलं नाही.