एका जहाजाला दोन कुलपं

माझं बोलणं भरून घ्यायचंय ना, मंग मोबाईल हितं मधी ठेवा, मला दिसला पायजे. चालू कधी केला, बंद कधी केला, ते मी बघणार. राग धरू नका, सवय हाय. नाव लिवा वामन, गाव पळसदरीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. बाप भातशेतीवाला, आजा पण तोच. समुद्र मी लगीन झाल्यावर बघितला, अलिबागला, आणि पाण्यात पाय पण घातला नाय, खाली काय हाय ते दिसतच नव्हतं. अशा माणसानं म्हातारपणी जहाज बांधायला घेतलं, काय सांगू तुमाला.

नोकरी मोहोपाड्याला, केमिकल कंपनीत फिटर, तीस वर्षं. तिथं एक रीत व्हती. पंप उघडायचा झाला की आधी विजेचा खटका खाली, खटक्याला आपलं कुलूप, कुलपावर आपल्या नावाची चिठ्ठी, चावी आपल्या खिशात. दोघं कामावर असले तर भोकांची लोखंडी पट्टी असते, तिला दोन कुलपं, दोन्ही निघाल्याबिगर खटका वर जात नाय. आणि येवढं करून पण भरवसा ठेवायचा नाय, चालूचं बटण दाबून बघायचं, खरंच बंद हाय का. एकदा मी नाय दाबलं. साथीदार बोलला बंद केलंय, मी बोललो बरं. ही बघा, उजव्या हाताची दोन बोटं, वाकत नायत. तवापासून कोणी काय पण सांगू दे, मी आधी बटण दाबून बघतो. बायको बोलते, अवो, मी गॅस बंद केला बोलले तरी तुमी उठून बघून येता. येतो. खोटं कशाला बोलू.

तर रिटायर झालो, घरात बसून डोकं फिरायला लागलं. आमच्या पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवार मुंबईची माणसं येतात, त्यांच्यातल्या एकानं रिमोटची बोट सोडली, वीतभर, वारा आला आणि उलटी झाली. मी आणि हनीफभाई बघत व्हतो. हनीफभाई म्हंजे माझा दोस्त, कर्जतला मोटरी भरायचं, म्हंजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान हाय त्याचं, आमच्या कंपनीच्या जळालेल्या मोटरी तोच भरायचा. मूळचे श्रीवर्धनकडचे, त्यांची माणसं पूर्वी बोटीवर नोकरीला जायची. मी बोललो, हनीफभाई, आपण रिमोटचं जहाज बांधू, पाच फुटी, या काठावरून त्या काठाला जाऊन परत येईल असं.

पण कुठलं? डोळ्यात मोतीबिंदू, बोटं अशी, मला ठाव हाय एकच होणार. ते चुकलं तर दुसरं नाय. म्हणून चार महिने नुसते निवडण्यात गेले.

पोरगा पुण्याला असतो, तो बोलला, बाबा, तयार सामानाचा खोका मागवा, परदेशातलं मोठं प्रवासी जहाज. मी बोललो, खोक्यात एखादा तुकडा कमी निघाला तर पकडू कुणाला? आणि मजल्यावर मजले, वरून जड, घाटातला वारा आला की ते पण उलटं. मंग लढाऊ जहाज बघितलं. बायको बोलली, धरणावर रिमोट घेऊन तोफांचं जहाज फिरवाल, पोलीस आधी चौकीत बसवतील आणि मंग विचारतील. तिचं बरोबर व्हतं. तेलाचं जहाज लांब, ते हनीफभाईच्या टेंपोत मावंना. राहिली टग, मोठ्या जहाजांना ओढते ती बुटकी बोट, पोटानं रुंद, बॅटरीला जागा, उलटायची भीती नाय. माझं मन टगवर बसलं.

आणि हनीफभाई एक कागद घेऊन आला. पेन्सिलनं काढलेलं जुनं मालवाहू जहाज, मागं केबिन, मागंच एक चिमणी, दिसायला काय नाय त्यात. रोज तेच, वामन, हेच घे. दुसऱ्या दिवशी पण, वामन रं, हेच घे. मी कागद उजेडात धरला. पुढं जहाजाचं नाव लिहून खोडरबरानं पुसलेलं. तिथं माझं मन अडकलं. नाव कशाला पुसलं? त्याच्या दुकानात ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी पडल्या व्हत्या, मला वाटलं या जहाजाच्या निमित्तानं त्या माझ्या गळ्यात मारायच्या असतील. मंग वाटलं, कुणा फार्महाऊसवाल्याशी बोलून ठेवलं असेल, हात माझे आणि जहाज त्याच्या दिवाणखान्यात.

मंग मी बटण दाबलं. खोटंच बोललो, टगचं लाकूड आणलं बोललो, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो बोलला, बरं केलंस. कागदाची गुंडाळी केली. त्या दोन मोटरी माझ्या पिशवीत टाकल्या, पैशाचं नाव नाय. त्यानंतर आठ दिवस आला नाय. मला संशय जास्तच आला, फुकट देणारा माणूस मला कधीच पटला नाय.

नवव्या दिवशी मोटरी परत द्यायला त्याच्या घरी गेलो. तो नमाजला गेलेला, भाभीनं पाणी दिलं. भिंतीवर एक फोटो. तेच जहाज, मागं तीच चिमणी, पुढं नाव स्पष्ट. कठड्याला एक माणूस उभा, तांदळाच्या दाण्याएवढा. भाभी बोलली, आमचे सासरे, इंजिनात कामाला व्हते. याच जहाजावर वारले, भर समुद्रात, तिथंच पाण्यात सोडलं त्यांना. हे तवा चौथीत. शबे बरातच्या रातीला सगळे आपल्या गेलेल्या माणसांसाठी कब्रस्तानात जातात, हे घरातच या फोटोपुढं उभे राहतात.

तेवढ्यात तो आला. मी बोललो, सांगितलं का नायस रं? तो बोलला, तुला सांगून काय झालं असतं, तू बोलला असतास, हा आपल्या बापासाठी माझे हात वापरतोय, म्हणून नाव पुसलं. खरं हाय, तसंच बोललो असतो. लाज वाटली मला, खरंच सांगतो. तीस वर्षं ज्याच्या हातची मोटर मी न उघडता बसवली, त्याच्यावर मी बटण दाबलं. मी बोललो, तो कागद आण आणि नाव परत लिही.

तरी फोटोवरून मापं मी स्वतः काढलीच. कागदात चिमणी अर्धा इंच चुकलेली व्हती. सवय जात नाय.

आता जहाजाचं पोट झालंय, कठडा चाललाय. कठड्याला तांदळाच्या दाण्याएवढा माणूस तो स्वतः करतोय, मला हात लावू देत नाय. जहाज पडवीतल्या खोलीत ठेवलंय, दाराला तीच भोकांची पट्टी, एक कुलूप माझं, एक त्याचं. दोघं असलो तरच दार उघडतं.

कंपनीत नेम व्हता, कोणी कुलूप ठेवून गेला तर ते तोडायचं नाय, त्याला घरून बोलवायचं. तोडायचीच पाळी आली तर आधी सगळीकडं फिरून, त्याचं नाव घेऊन हाका मारायच्या. परवा हनीफभाईनं विचारलं, वामन, आपल्यातला एक आधी गेला तर? मी बोललो, दुसऱ्यानं धरणावर जावं, नाव घेऊन हाक मारावी, ओ आली नाय तर कुलूप तोडावं आणि जहाज पाण्यात सोडावं.

त्यानं आपल्या कुलपाची चावी खिशात चाचपून बघितली. मंग बोलला, तीन वेळा हाक मार, मला कमी ऐकू येतं.

देवानं दोघांना संगटच ते पाणी दाखवावं, दुसरं मागणं नाय. तुमचं पण भलं होवो. मोबाईल बंद केला बोलता? बरं. ठेवा खिशात.