अर्ध्या किलोचा अविश्वास

...नाही, पण मी म्हणतो, मला नको म्हणणारा तो कोण? अं? अर्ध्या किलोचा जीव! त्यातही निम्मे केसच! आणि माझा हात दिसला की असा पळायचा, असा पळायचा, की जसं काही मी... अहो, बत्तीस वर्षं या खुर्चीमागे उभा आहे मी! वस्तरा घेऊन! माणसं येतात, डोकं मागे टाकतात, डोळे मिटतात, काही जण तर घोरतात, तुम्हीच मागच्या वेळी घोरत होतात, हसू नका, कापेल... लोक मला गळा देतात हो, गळा! आणि तो चिंचिला मला साधी शेपटी देईना!

चिंचिला म्हणजे काय? तुम्हाला सांगतो. कान उंदराचे पण दोन नंबर मोठे, तोंड सशाचं, शेपटी खारीची आणि स्वभाव आमच्या सासऱ्यांचा. आंघोळ पाण्यानं नाही, मातीनं! बारीक पिठासारखी माती लागते, त्यात लोळतो, आणि मग अंग झटकून सगळी माझ्या चष्म्यावर. लेकीनं आणला. ती नोकरीच्या गावी खोली घेऊन राहते, तिथली घरमालकीण म्हणाली, "एक तर तू राहा, नाहीतर तो." मग हे साहेब आले आमच्याकडे. आणि लेक जाताना काय बजावून गेली? "बाबा, तीन आठवड्यांनी येते. तोवर तो आपणहून तुमच्या हातावर बसला तर इथंच राहील. नाही बसला तर कुढत बसेल हो तो. मग मी त्याला मैत्रिणीकडे देऊन टाकीन."

म्हटलं, हात्तिच्या! तीन आठवडे कशाला? तीन मिनिटं दे!

आणि खरं सांगू का, मला तो हवाच होता. लेक गेल्यापासून घर खायला उठतं. तिच्या खोलीत काही हलत नव्हतं हो. आता निदान संध्याकाळी तिथून काहीतरी कुरतडल्याचा आवाज यायचा, बरं वाटायचं. पलंगाचा पाय कुरतडत होता, पण बरं वाटायचं.

मान हलवू नका. तर पहिल्याच दिवशी मी गेलो, गिऱ्हाइकाची हनुवटी धरतो ना, अगदी तशी हलक्या हातानं त्याची पाठ धरली... आणि हा सुटला! आणि माझ्या हातात काय राहिलं? केस! मूठभर! अहो, बत्तीस वर्षांत एका माणसाचा एक केस माझ्या हातात उपटून आला नाही, कात्रीनं येतात ते वेगळे! मी तसाच मूठ मिटून उभा, घाम फुटलेला, आणि तो कपाटावर, पाठीला हे एवढं टक्कल! म्हटलं, मेला आता हा, लेक मला जिवंत सोडत नाही. पिंजरा उचलला आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पळालो. त्या म्हणतात, "अहो काका, घाबरला की तो केस सोडून पळतो. येतील परत. तुमच्या हाताला घाबरलाय तो." माझ्या हाताला! लोक मला गळा देतात, आणि माझ्या हाताला!

बाईंनी सूचनांचा कागद दिला. तो घेतला आमच्या हिनं, सोबत आली होती ना. घरातले कागद, किल्ल्या, सगळं हिच्याच ताब्यात. घरी येऊन कागद धरला डोळ्यांसमोर आणि डॉक्टरीणबाईंच्या आवाजात वाचायला लागली, "प्राण्याला विश्वास वाटावा यासाठी... घरात पूर्ण शांतता राखावी. विशेषतः पुरुषांनी बोलू नये." मी म्हटलं, विशेषतः पुरुषांनी? असं लिहिलंय? ही म्हणाली, "ठळक अक्षरात." आणि कागद घडी करून डब्यात.

मी! गप्प! तुम्ही कल्पना तरी करू शकता का? दुकानातून घरी जायचं, चपला हातात घ्यायच्या, मीठ हवं तर बोट दाखवायचं. मी म्हटलं, अगं, तो त्या खोलीत आहे, मी स्वयंपाकघरात... "श्श! त्याचे कान बघितलेत का?" कान बघितले होते हो मी! म्हणून तर गप्प बसलो! रोज संध्याकाळी दीड तास खोलीत जमिनीवर मांडी घालून, तळहातावर ओटचा दाणा, तोंडाला कुलूप. पाय इतके मुंगायचे की उठताना भिंत धरायची. पाचव्या दिवशी तो वीतभर अंतरावर आला. दहाव्या दिवशी दाणा घेतला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, मला वाटलं आभार मानतोय, आणि मारली मुताची पिचकारी! थेट मिशीवर! जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर फवारा मारणारा माणूस मी, आणि मला हूं की चूं करता येईना! बाहेर ही मात्र आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, शब्दकोडं सोडवतेय, वर गुणगुणतेय! मला वाटलं, बिचारी, काळजी लपवतेय.

विसावा दिवस. दुसऱ्या दिवशी लेक येणार, आणि हा वीतभरावरच. मग मात्र माझा धीर सुटला. म्हटलं, गेलं खड्ड्यात! पण आवाज काही चढेना, रडवेलाच निघाला. हळूच म्हणालो, "जा बाबा, जा मैत्रिणीकडे. तिथं बरं असेल तुला. पण तू गेलास ना, की या खोलीत पुन्हा काही वाजणार नाही. एवढंच आहे बघ माझं. मला दुसरं काही नकोय रे तुझ्याकडून." आणि तुम्हाला सांगतो... वस्तरा खाली ठेवतो, थांबा... तो आला. कान इकडे, कान तिकडे, आणि टुणकन हातावर! इथं, मनगटाच्या जरा वर, बसला! मी बोलतोय, तो ऐकतोय! थांबलो की दातांनी बाही ओढतो, पुढं बोला! अहो, असं गिऱ्हाईक बत्तीस वर्षांत नाही मिळालं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, कुणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी लेक आली. बघते तर साहेब माझ्या हातावर बसून मिशी हुंगतायत! "बाबा! राहिला हो हा तुमच्याकडे!" मी म्हटलं, पण बाळ, माझं चुकलं, मी नियम मोडला, बोललो त्याच्याशी. तशी ती गोंधळली. "कसला नियम? बोलायचंच असतं ना!" मी डॉक्टरीणबाईंच्या कागदाचं सांगितलं. तिनं डबा उघडला, कागद काढला, वाचला, "रोज हळू आवाजात त्याच्याशी भरपूर बोलावं, म्हणजे आवाजाची ओळख होऊन लवकर विश्वास बसतो." ठळक अक्षरात!

मी हिच्याकडे बघितलं. लेकीनं हिच्याकडे बघितलं. साहेबांनीसुद्धा बघितलं! ही काय म्हणाली असेल? पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली माझ्या. तीन आठवडे मागितले तर काय बिघडलं?"

म्हटलं, आता नाही सोडायचं हिला! बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ही लेकीला म्हणते, आवाज असा मधाळ, "पण एकटा पडतो गं तो. सोबत नको का त्याला? अजून एक आण ना." लेक भोळी! म्हणाली, "आणते की! पण आई, नवीन आला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं, आधीसारखेच तीन आठवडे..."

"लागू देत की," ही म्हणाली. "मला काही घाई नाही."

गुरुवारी येतोय दुसरा. आणि मी काय म्हणालो? काय म्हणणार हो! वीस दिवसांचा सराव आहे, गप्प बसलो.