निरोपाला मिळालेली खुर्ची

आदरणीय अध्यक्षमहाराज, म्हणजे आपल्या युनियनचे अध्यक्ष. त्यांच्या अगदी शेजारी बसलेले आपल्या दुकानाचे व्यवस्थापकसाहेब. व्यासपीठावरील इतर मान्यवर. आणि काउंटरमागे उभ्याने आयुष्य काढलेल्या माझ्या बायांनो नि भावांनो,

माझ्याबद्दल आत्ता इतकं गोड बोललं गेलं, की वाटलं, मी निवृत्त होत नाहीये, गेलेच आहे! आभारी आहे.

युनियनने मला ही खुर्ची भेट दिली. गादीची, हातांची. "आता निवांत बसा," असं अध्यक्ष म्हणाले. केवढं हो मोठं मन तुमचं! कापडाच्या काउंटरवर पायांचे तुकडे पडायचे, तेव्हा साधं स्टूल नाही मिळालं. आता घरी पलंग आहे, तर खुर्ची.

दुकानातल्या नोकरांना बसायची सोय हवी, असा कायदा झाला, तेव्हा याच हॉलमध्ये सत्कार झाला होता. कुणाचा? अध्यक्षांचा. पुढे पाहुणे, त्यांच्यामागे पाहुण्यांचे पाहुणे, आणि आम्ही भिंतीला टेकून उभ्याने टाळ्या वाजवत होतो. आमच्या बसायच्या हक्काला! हसा, हसा. मीही हसले होते, पोटऱ्या दाबत.

मग स्टुलं आली आणि थेट गोदामात गेली. तपासणीला कुणी यायचं असलं की काउंटरमागे मांडायची, ते चहा पिऊन गेले की परत आत. साहेब म्हणाले, कायद्यात 'सोय असावी' लिहिलंय, 'बसू द्यावं' कुठे लिहिलंय? आणि अध्यक्ष, तुम्ही मान डोलावलीत. मी पाहिलं ना.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, कशाला भरतेस असल्या युनियनची वर्गणी? मी नाही झालो बुवा कुठे सभासद." म्हटलं, मेल्या, आठवड्याची सुट्टी काय तुला मालकाने लाडाने दिली? कुणीतरी भांडलं म्हणून तू लोळतोस. असल्या फुकट्यांचा मला तुमच्याइतकाच संताप येतो, अध्यक्ष. मी शेवटच्या पगारापर्यंत वर्गणी भरली. युनियन माझी आहे, तुमच्या तीर्थरूपांची नव्हे.

आता मुद्द्याचं बोलते. काचसामानाच्या काउंटरवरची आपली सहकारी. पोटुशी, सातवा महिना. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, पाय सुजलेले, म्हणून जरा खोक्यावर टेकली. साहेबांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि संध्याकाळी तिला घरी पाठवली. कायमची. मी धावत अध्यक्षांकडे गेले. तर म्हणतात कसे, "ती सभासद नाही हो, माझे हात बांधलेत." अहो, सभासद व्हायला ती आली होती की तुमच्या दारात! नोकरी पक्की झाल्याशिवाय नाव घेत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. आणि पक्की कोण करणार? हे शेजारचे साहेब. वा! काय जमलंय दोघांचं!

ती आज आली आहे. मीच बोलावलं. बघा, मागे दाराशी उभी आहे, खुर्च्या संपल्यात म्हणून.

ये गं बाई, पुढे ये. वाट द्या रे तिला. ही खुर्ची माझी आहे, कुणाला बसवायचं ते मी ठरवीन. बस. पाठ टेक नीट.

अध्यक्षमहाराज, एकच विचारते. हिला परत घ्या म्हणून सांगायला उद्या सकाळी तुम्ही साहेबांच्या खोलीत येणार का?

अहो, तुम्हाला विचारलं मी. साहेबांच्या तोंडाकडे काय बघताय?

असू दे. मिळालं उत्तर, सगळ्यांना मिळालं. मूग गिळून बसायला तुम्हाला कुठलाच कायदा लागला नाही.

उद्या दुकान उघडायच्या आधी मी हिला घेऊन दाराशी येतेय, ही खुर्चीही आणतेय. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. पक्के, कच्चे, सभासद, बिगरसभासद, कुणीही.

इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या.

अरे, उठलात का, अध्यक्षमहाराज? बसा, बसा. तुम्हाला तो हक्क पहिल्यापासूनच आहे.